दफन दुपारी, सभा सकाळी

लिकुंडेत कुणाकडे माणूस गेलं की पहिला निरोप नातेवाइकांना जायचा आणि दुसरा एनिफा कामवेन्दोला, कारण मयताचं गाणं तिच्याशिवाय उठत नसे. अंगणात बायका दाटीवाटीने बसायच्या, एनिफा मधोमध डोळे मिटून पहिली ओळ उचलायची आणि मग बाकीच्या तिच्या मागे जायच्या. तिचा आवाज काही गोड नव्हता, थोडा चिरकाच होता. पण ती सूर असा धरायची की म्हाताऱ्यांना दम लागायचा नाही आणि पोरींनाही ओढूनताणून खाली उतरावं लागायचं नाही. गाणं संपलं, माती पडली की लोक घरी जायचे आणि एनिफाची आठवण पुढच्या मयतापर्यंत कुणालाही व्हायची नाही.

नवरा कधीच गेला होता. दोन्ही मुलगे जोहान्सबर्गला. एकाचा फोन नाताळला यायचा, दुसऱ्याचा तेवढाही नाही. एकटीपुरता न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवायचा तिला मनस्वी कंटाळा. मूठभर पीठ घेऊन ती शेजारच्या डेलिया चिर्वाकडे जायची, ते तिच्या पातेल्यात ओतायची आणि तिथेच जेवायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. डेलियाचा नवरा, बाम्बो चिर्वा, आंब्याखाली सायकली दुरुस्त करायचा. माणूस फटकळ, पण एनिफाला मेहुणी मानायचा, आणि मेहुणीची खोडी काढल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही.

अशात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका आल्या. कर्णे लावलेली गाडी गावातून फिरली: उमेदवार येत्या शनिवारी लिकुंडेत येणार, मैदानावर सभा. झालं. हातपंपावर एकाच्या दोन रांगा झाल्या. एक रांग म्हणायची, येऊ द्या, या खेपेला पूल होईल. दुसरी म्हणायची, मागच्या निवडणुकीतही हाच पूल बांधून गेला होता, तोंडाने. एकमेकींच्या बादल्या लाथाडण्यापर्यंत मजल गेली. सख्ख्या जावा एकमेकींना वाळत घातलेले मासे राखायला सांगेनात.

बाम्बो चिर्वा विरोधकांचा म्होरक्या. त्याला दुसरा कुठला पक्ष प्यारा होता असंही नाही. गर्दी जमवून कुणी बोलायला लागलं की त्याचं डोकं उठायचं, एवढंच.

एनिफा मात्र उमेदवाराच्या बाजूची, आणि तिला पुलाशी काही देणंघेणं नव्हतं. मागच्या खेपेला नाचणाऱ्या बायकांचं गाणं तिने उठवलं होतं. तेव्हा तो माणूस व्यासपीठावरून खाली उतरला, तिच्या शेजारी दोन पावलं नाचला आणि ध्वनिक्षेपकात म्हणाला, "या माईंचा आवाज राजधानीत ऐकू गेला पाहिजे." कुणी मेलेलं नसताना तिच्या आवाजाचं कौतुक करणारा तो पहिला माणूस. ते वाक्य तिने इतकी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं होतं.

"काय मेहुणीबाई," चिर्वा जेवताना म्हणाला, "पोचला का आवाज राजधानीत? मला तर कुंपणापलीकडून नुसतं घोरणं ऐकू येतं."

"सायकलीला ब्रेक बसवता, तसा एक तोंडालाही बसवून घ्या, बाम्बो."

"अगं, तो गावोगाव हेच म्हणतो. प्रत्येक गावात एक माई, आणि प्रत्येकीचा आवाज राजधानीत!"

"अहो, पुरे की," डेलिया म्हणाली. "नाचू दे तिला. तिच्या आयुष्यात दुसरं आहे काय?"

डेलिया बाजू घ्यायला गेली होती, पण चिर्वापेक्षा तिचंच बोलणं एनिफाला जास्त झोंबलं. ती हात धुऊन उठली. "माझ्या आयुष्यात काय आहे ते मला ठाऊक आहे," म्हणाली, आणि नंतर दोन-तीन दिवस आपल्याच घरी चूल पेटवून करपलेलं खात बसली.

शुक्रवारी सकाळी बाम्बो चिर्वा आंब्याखाली चाकाची तार ओढता ओढता छातीवर हात धरून आडवा झाला, तो उठलाच नाही.

एनिफाने सगळा राग टाकला आणि धावली. दिवसभर डेलियाला धरून बसली, तिने गाणं उठवलं, तिने पाणी तापवलं. संध्याकाळी डेलिया तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "एनी, उद्या कबरीपर्यंत गाणं तूच ने. दुसऱ्या कुणी उचललं तर माझे पाय चालायचे नाहीत."

"म्हणजे काय! मीच नेणार."

आता पेच पडला गावच्या मुखियापुढे. आमच्याकडे मयत घरात असताना ढोल वाजत नाही, पिठाची गिरणीसुद्धा बंद असते. विरोधी रांग म्हणाली, सभा रद्द करा, चिर्वाने मरून का होईना पण आपलं म्हणणं खरं केलं. पक्षाची माणसं म्हणाली, उमेदवार काही मयत बघून येत नसतो. मुखियाने बराच वेळ तंबाखू चघळली आणि निकाल दिला: डांबरी रस्त्याच्या पलीकडची जमीन आपल्या गावात मोडत नाही, तिथे सभा घ्या. शिवाय सभा सकाळी आणि दफन दुपारी, म्हणजे कुणाचाच अपमान नाही. दोन्ही रांगांनी त्याला शिव्या घातल्या, म्हणजे निवाडा बरोबरच असावा.

एनिफाने तोच निवाडा आपल्याला लावून घेतला. सकाळी गाणं, दुपारी गाणं. उमेदवार कधी वेळेवर येत नाही हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. तिलाही होतं. पण ते आठवायचं नाही असं तिने ठरवून टाकलं. डेलियाला सांगण्याचं धाडस काही झालं नाही. उजाडता उजाडता ती उमेदवाराचा चेहरा छापलेलं पक्षाचं कापड कमरेला गुंडाळून रस्त्यापलीकडे गेली.

ऊन चढलं. बायका नाचून नाचून थकल्या, बसल्या. महिला आघाडीची पुढारीण दर थोड्या वेळाने येऊन सांगायची, "तयार राहा, पुलाशी पोचलेत." नसलेल्या पुलाशी! मग, "वळणावर आहेत." एनिफा दोनदा उठली. दोनदा पुढारिणीने तिचा हात धरला. "माई, गाणं तुम्हीच उठवायचं ना? त्यांनी तुमची चौकशी केलीय." कुणी कसली चौकशी केलेली नव्हती. एनिफा परत बसली.

आणि मग रस्त्याच्या गावाकडच्या बाजूने गाणं ऐकू आलं. चिर्वाला घेऊन निघाले होते. कुणीतरी फार वरच्या पट्टीत धरलं होतं, बायकांचे आवाज तुटत होते, गोळा होत होते, पुन्हा तुटत होते. एनिफा ताडकन उभी राहिली. रस्ता ओलांडायचा अवकाश, तिने एक ओळ उचलली असती तरी सगळं सावरलं असतं. तेवढ्यात वळणावर खरोखरच धूळ उठली, भोंगे वाजले आणि बायका ओरडल्या, "आले!"

ती तिथेच उभी राहिली. खोटं कशाला सांगा, तिला कुणी धरलं नव्हतं.

तिने गाणं उठवलं. जिवाच्या आकांताने उठवलं. पण या खेपेला पक्षाने मोठाले कर्णे आणले होते, त्यांतून शहरात ध्वनिमुद्रित केलेलं गाणं दणदणत होतं. एनिफाचं गाणं तिचं तिलाही ऐकू येईना. उमेदवार गाडीतून उतरलाच नाही. छतातून अर्धा वर निघाला, हात हलवला, पूल म्हणाला, उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि पुढच्या गावाला गेला. धूळ खाली बसेपर्यंत तिथे कुत्रीच तेवढी उरली.

एनिफाने घरी येऊन पाय धुतले, ते कापड सोडलं, साधं नेसली आणि डेलियाकडे गेली. दफन उरकून सगळे परतले होते. आमच्याकडे मयताच्या घरी बायका चटईवर बसतात, मांडीला मांडी लावून. खुर्च्या पुरुषांना, पाद्र्याला आणि लांबून आलेल्या परक्यांना. एनिफा चटईच्या कडेला येऊन खाली बसायला वाकली.

डेलियाने मान वर केली. तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र शांत होता.

"अगं, कुणीतरी माई कामवेन्दोंना खुर्ची द्या."

"डेलिया, मी खालीच—"

"नको, नको. दमून आलात तुम्ही. बसा."

खुर्ची आली. आता न बसणं म्हणजे मयताच्या घरी तमाशा. एनिफा बसली. पाद्रीबुवा एका बाजूला, चिर्वाचा लिलाँग्वेहून आलेला मामेभाऊ दुसऱ्या बाजूला. कालपर्यंत ज्यांनी एकमेकींच्या बादल्या लाथाडल्या होत्या त्या दोन्ही रांगांच्या बायका खाली चटईवर एकमेकींना टेकून बसल्या होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या सकाळी सभेला जाऊनही आल्या होत्या, पण वेळेत परतल्या होत्या. कुणीतरी गाणं सुरू केलं, पुन्हा चुकीच्या पट्टीत. एनिफाचं तोंड उघडलं. शेजारी पाद्रीबुवा हात जोडून बसले होते, परक्या माणसासारखे, ऐकत. तिने तोंड मिटलं.

तिला ताटात वेगळं वाढून दिलं, झाकण घालून, गुडघे टेकून, पाहुण्यांना देतात तसं. ती जायला उठली तशी डेलियाही उठली. चारजणींनी "तू बस" म्हटलं तरी ऐकेना. पाहुण्याला सोडायला यजमानाने थोडं अंतर चालत जायचं असतं, तशी ती एनिफाबरोबर आंब्यावरून थेट डांबरी रस्त्यापर्यंत आली.

"आलात, बरं वाटलं," डेलिया म्हणाली. "सावकाश जा. घरच्यांना नमस्कार सांगा."

आणि परत फिरली. एनिफाचं घर मागेच होतं, डेलियाच्या घराला लागून. डेलिया अंगणात शिरून दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यावर उभी राहिली, कारण तिच्या मागोमाग त्याच वाटेने चालत जाणं काही बरं दिसलं नसतं.