अकरा लिफ्टची यादी

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत त्यांना सगळे शोधकाका म्हणत, कारण काहीही सापडलं नाही की बोलणी त्यांनाच बसत. लिफ्ट जर्मन, त्यामुळे बिघाडाचे अहवालही, लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या नियमाने, जर्मनमध्येच. आणि जर्मन माणूस दरवाजा, कुलूप, स्प्रिंग हे शब्द मध्ये श्वास न घेता एकच करून लिहितो. नुसतं ‘स्प्रिंग’ शोधलं की डेटाबेस हात वर करी. महिन्यापूर्वी काकांनी त्याला अशा लांबलचक शब्दांचे तुकडे करणारा शब्दकोश जोडून दिला. कंपनीप्रमुख मॅडमनी पाठ थोपटली. पाठ थोपटली गेली की काकांना धडकी भरे.

आज सकाळी कारखान्याची सूचना आली: कुलपाची स्प्रिंग तुटली तर लिफ्ट मजल्यावर नसतानाही दार उघडतं, जिथे ही स्प्रिंग कधीही कुरकुरली असेल, त्या लिफ्ट ताबडतोब बंद करा. काकांनी शोधलं. अकरा. चार वाजता मॅडम यादीवर सही करणार होत्या, आणि उरलेल्या दोन हजार चालूच राहणार होत्या.

आकडा काही पचेना. तीन वाजता त्यांनी ताईला फोन लावला. ती आठव्या मजल्यावर राहते. लिफ्ट त्याच कारखान्याची.

“तुमची लिफ्ट ठीक आहे ना?”

“आता विचारतोस? हिवाळ्यात दार अडकलं, तेव्हा तुझीच माणसं स्प्रिंग ठोकून गेली.”

“आज जिन्याने जा.”

“आठ मजले? गुडघे तू पाठवतोस का?”

“ताई, त्या दाराजवळसुद्धा जाऊ नकोस.”

“अरे, घाबरवतोस काय!” ती म्हणाली. पण चपला काढल्याचा आवाज आला.

ताईची इमारत यादीत नव्हती. काकांनी यादीमागचे अहवाल उघडले. अकराही अहवालांच्या तारखा गेल्या महिन्यातल्या. शब्दकोश जोडल्यानंतर जे आले, तेवढ्यांच्याच शब्दांचे तुकडे झाले होते. आधीचे नऊ वर्षांचे अहवाल नव्याने फोडून घ्यायचे राहिले होते. चाचणीही काकांनी ताज्या अहवालांवरच घेतलेली. म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच पहिले आले होते.

त्यांनी जुने अहवाल फोडायला लावले. चार टक्के. पाच टक्के. चारला सात मिनिटं असताना लिफ्ट त्रेसष्ट झाल्या, आणि काम निम्म्यावरच होतं. काका मॅडमच्या खोलीत गेले. पेनाचं टोपण निघालेलं होतं.

“यादी चूक आहे. चूक माझी.”

“मग खरा आकडा किती?”

“अजून वाढतोय.”

“मी काय वाढत्या आकड्यावर सही करू?”

“सगळ्या बंद करा, मॅडम. मी तपासून एकेक मोकळी करतो.”

“दोन हजार? शिव्या खाऊ आपण.”

“खाऊ.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग फोन उचलला आणि पहिल्या इमारतीच्या व्यवस्थापकाला लिफ्टचा वीजपुरवठा तोडायला सांगितलं.

काका जागेवर आले. शोधाची चौकट त्यांनी बंद केली आणि नऊ वर्षांपूर्वीचा पहिला अहवाल डोळ्यांनी वाचायला घेतला.