माझ्याशी कोणी भांडतच नाही

"मॅडम, आमच्या घरात माझ्याशी कोणी भांडतच नाही."

पुष्पाताई समोरच्या खुर्चीत अगदी रडकुंडीला आल्या होत्या. मी ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये सायकिॲट्रिक सोशल वर्कर आहे. डॉक्टर गोळ्या देतात. त्या गोळ्यांबरोबर घर कसं चालवायचं, ते मी बघते. भांडणांच्या तक्रारी रोजच्या. भांडण होत नाही, ही तक्रार पहिलीच.

पुष्पाताई (नाव बदललंय) डोंबिवलीच्या. घरी शिवणक्लास घेतात. त्यांना बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालेलं. म्हणजे मूड काही काळ फार वर जातो, काही काळ फार खाली. गोळ्यांनी तो मधे राहतो. त्यांचा राहिलाही होता. बिनसलं होतं ते घरात.

"मी फोनवर मोठ्याने हसले की मुलगी विचारते, आई, गोळी घेतलीस ना? नवऱ्याला म्हटलं, काय भयंकर पडदे आणलेत! तर म्हणतात, बरं, तू म्हणशील तसं. गोळी झाली का? आता मी गोळ्याच बंद करते. निदान तो प्रश्न तरी बंद होईल."

मी पेन खाली ठेवलं. या आजारात आपल्या मनाने गोळ्या सोडल्या की तो उलटतो. एकदा त्या ॲडमिट होऊन गेल्या होत्या.

पुढच्या शनिवारी मी तिघांनाही बोलावलं. नवरा दिलीपराव कोलशेतला एका कंपनीत सुपरवायझर, मुलगी मृणाल घोडबंदर रोडला आयटीत. बापलेक तोंडी परीक्षेला आल्यासारखे बसले.

"टेन्शन देऊ नका म्हणालेले डॉक्टर," दिलीपराव म्हणाले. "म्हणून मी तोंडच उघडत नाही."

"आजाराच्या आधी पुष्पाताई कशा होत्या?"

दिलीपराव पहिल्यांदा हसले. "आधी? सोसायटीची मीटिंग गच्चीवर असली तरी हिचा आवाज खाली वॉचमनला ऐकू जायचा."

"आणि आजारात?"

दिलीपरावांनी मुलीकडे बघितलं. मग मृणाल म्हणाली, "आजारात आई भांडतच नव्हती. सगळ्यांना हो म्हणायची. शेजारच्या काकूंना नवी पैठणी देऊन टाकली. रात्र रात्र झोपायची नाही, तरी सकाळी फ्रेश." ती दिलीपरावांकडे वळली. "बाबा, आपण उलटंच बघत होतो."

मला जे समजवायचं होतं, ते तिनेच सांगून टाकलं. आमच्याकडे याला वॉर्निंग साइन्स म्हणतात. आजार परत येताना आधी काय दिसतं, ते. प्रत्येक माणसाच्या वेगळ्या. पुष्पाताईंच्या होत्या उडालेली झोप आणि अतिगोडवा.

पुष्पाताईंनी लगेच अट घातली. "झोप गेली तर मी स्वतः सांगेन. मला कळलं नाही आणि तुम्हाला दिसलं, तर जरूर विचारा. एरवी गोळीचं नाव काढायचं नाही. आणि माझं पटलं नाही तर तोंडावर सांगायचं."

"कबूल," दिलीपराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "पण मॅडम, भांडायला विषय कुठला घेऊ?"

"बाबा, विषय तुम्हाला शोधावा लागणार नाही," मृणाल म्हणाली.

आमच्या डॉक्टरसरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "लोकांच्या घरात भांडणं लावायचा पगार घेतेस होय गं?"

पुढच्या फॉलोअपच्या दिवशी कॉरिडॉरमधून आवाज आला.

"माणकोली पुलावरून घ्या म्हटलेलं ना मी? शिळफाट्याला अडकवलंत की नाही?"

"गाडी कोण चालवतंय? तू की मी?"

"चालवतंय कुठे? उभीच होती!"

सिस्टर धावत गेल्या. सर केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय?"

"इम्प्रूव्हमेंट, सर," मी म्हणाले.

दिवाळीनंतर एका सकाळी पुष्पाताईंचा फोन आला. आवाज जरा घाईचा होता. "मॅडम, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि काल मला सासूबाईंचं सगळंच्या सगळं पटलं. मी निघालेच."

दुपारपर्यंत तिघंही हजर. सरांनी तपासून डोस बदलला, मृणालने चार दिवस वर्क फ्रॉम होम घेतलं. आठवड्याभरात झोप रुळावर आली. ॲडमिट करावं लागलं नाही.

हल्ली नवीन नातेवाईक आले की आजाराविषयी विचारण्याआधी मी विचारते, तुमचं माणूस मुळात कसं आहे? सांभाळायचं ते त्या माणसाला. ते भांडकुदळ असेल, तर भांडकुदळ म्हणूनच सांभाळावं लागतं.