फळ्यावरची अकरा कारणं

मी मुळात भित्री बाई. पाल, पोलीस आणि प्राचार्यांचा निरोप या तिघांनाही सारखीच घाबरते. रोह्याहून पेणला एस.टी.ने जाता-येता पर्सची चेन चार वेळा तपासते. पण वर्गात उभी राहिले की ही भीती कुठे पळते कोण जाणे, आणि मी साऱ्या जगाला शहाणपण शिकवायला लागते. त्या एका आठवड्यात मात्र वर्गात बोललेलं माझ्या चांगलंच अंगाशी आलं.

पेणच्या एका अध्यापक विद्यालयात मी शिकवते. बारावी झालेली मुलंमुली दोन वर्षं आमच्याकडे असतात आणि मग प्राथमिक शाळेत शिक्षक होतात. माझ्याकडे एक घटक आहे, ‘दारिद्र्य आणि त्याचे बालकावरील परिणाम’. गाइडात त्याचं दीड पान आहे: कुपोषण, गैरहजेरी, न्यूनगंड, गळती. मुलं ते घोकतात आणि पेपरात ओततात. मला त्याचा भारी राग येतो. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. ज्या शाळेत सराव पाठ घ्यायला जाता, तिथलं एक मूल निवडायचं, त्याच्या घरी जायचं, महिनाभर त्याला नीट बघायचं आणि फाईल लिहायची. मुलाचं नाव घालायचं नाही. “फाईल माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहा,” असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या वर्षी एका मुलीची फाईल वाचताना माझा चहा गार झाला. ही मुलगी जोह्याच्या अलीकडच्या एका वाडीतून यायची. दुसऱ्या बाकावर बसायची, बोलायची कमी, पण एक दिवस चुकवायची नाही. तिने तिसरीतल्या एका आठ वर्षांच्या पोरीवर लिहिलं होतं. ही पोर आईबरोबर गणपतीच्या कच्च्या मूर्ती घासते. मूर्ती साच्यातून काढली की जोडाची रेघ उरते, ती पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करायची. शाळेआधी दोन तास, शाळेनंतर अंधार पडेपर्यंत, आणि कारखान्याची घाई असली की शाळेच्या ऐवजी. बाप धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्जवर कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतो. पोरीला मराठी छान वाचता येतं, पण तिसऱ्या तासाला ती झोपते. बोटांची टोकं इतकी झिजलीत की आधारच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. मशीनवाल्याने तिला चार वेळा हात धुवायला पाठवलं. फाईलमध्ये शेवटी लिहिलं होतं, ‘मुलीला वाटते, आपलाच अंगठा खोटा आहे.’

हे वाचून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, आनंदही झाला. इतकं चांगलं लिहिणारी विद्यार्थिनी माझ्या हाताखाली तयार झाली होती! नाव तर कुठेच नाही, मग वर्गाला वाचून दाखवलं तर काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावलं आणि मंगळवारी ती फाईल मोठ्याने वाचली. मग मी खडू पुढे केला. “या घरात काय चुकतंय? एकेकाने यायचं आणि एक कारण लिहायचं.”

मुलं उठली. अशिक्षितपणा. मोठं कुटुंब. पैशाची हाव. शिक्षणाबद्दल अनास्था. एकाने ‘वडिलांचे व्यसन’ लिहिलं. फाईलमध्ये बापाच्या दारूबद्दल अवाक्षर नव्हतं, पण गरीब बाप म्हणजे दारू असणारच, असं त्याने धरून टाकलं, आणि मीही ते पुसलं नाही. दहा कारणं झाली. मी दुसऱ्या बाकाकडे बघून म्हटलं, “तू तर घर पाहून आलीस. तू सांग.” ती उठली आणि तिच्या त्या सुबक अक्षरात अकरावं कारण लिहिलं, ‘आईचे अज्ञान’. मी तिला शाब्बास म्हटलं.

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मला चेव चढला. कायदा सांगितला. मूल कामाला जुंपलेलं दिसलं की शिक्षकाने गप्प बसणं हा गुन्हाच समजा, असं बजावलं. कुठे कळवायचं तो नंबर फळ्यावर मोठा लिहिला आणि चाळीस जणांना वहीत उतरवून घ्यायला लावला. “मी तर एक दिवसही थांबणार नाही. आजच फोन करणार,” असं म्हटलं. टाळ्या पडल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या संध्याकाळी रोह्याची गाडी उशिरा आली, घरी भिजत घातलेले कडवे वाल सोलायचे होते, पाहुणे यायचे होते. फोन करायचा मी साफ विसरले.

बुधवारी ती मुलगी आली नाही. गुरुवारीही नाही. फोन बंद. तापबीप आला असेल म्हणून मी तिच्या सरावशाळेत फोन लावला. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, “ती नाही आली, आणि तिची धाकटी बहीणही दोन दिवस शाळेत नाही.”

“कोण धाकटी?”

“तिसरीतली. सख्खी बहीण मॅडम. तुम्हाला माहीत नाही?”

हातातला फोन नुसताच कानाला धरून मी उभी होते. तिने आपल्याच घरावर लिहिलं होतं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. आणि मी तिच्याच हातून तिच्या आईचं नाव फळ्यावर चढवलं होतं. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला बाजूला घेतलं, तेव्हा ती चाचरत म्हणाली, “मॅडम, मंगळवारी ती स्टँडवर रडत होती. आता गाडी येईल नि धाकटीला घेऊन जाईल, एवढंच म्हणत होती.”

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. त्या दिवशी माझ्या मनाने काय काय चिंतलं ते लिहायलाही हात धजावत नाही. त्यांच्या वाडीला खाडी जवळ. विहिरी आहेत, रेल्वेचे रूळ आहेत. एकोणीस वर्षांची पोर, भेदरलेली. मी केला नाही तरी दुसऱ्या कुणी फोन केला असला तर? चाळीस वह्यांत तो नंबर मीच लिहून दिला होता. वर्गात विचारलं, तर सगळ्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पण माझ्यासमोर सगळे नेहमीच नाही म्हणतात. आणि लपवत नाही, त्या भीतीत माझ्या नोकरीचीही भीती होती. पोरीचं काही बरंवाईट झालं तर चौकशीत पहिलं नाव माझं येईल, हा विचार आला आणि तो आल्याची लाजही वाटली.

शुक्रवारी सकाळी पेणहून मिनिडोर रिक्षात बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांसमोर पांढऱ्या कच्च्या मूर्ती वाळत होत्या. एरवी मी तो रस्ता कौतुकाने बघते. त्या दिवशी प्रत्येक वळणावर वाटत होतं, पुढे माणसांची गर्दी दिसेल. गर्दी नव्हती. वाडीच्या तोंडाशी उतरले तर एका बाईने मला पर्सपासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि मागे वळून हाक मारली, “अगो, आली गो ती हापिसातली!” तीन घरांची दारं माझ्यादेखत लागली. आजवर मला घाबरून कुणी दार लावलं नव्हतं.

घर शोधावं लागलं नाही. ओसरीवर तिची आई मूर्ती मांडीत घेऊन घासत बसली होती. तिने वर पाहिलं, हात थांबवला नाही.

“मी कॉलेजातली बाई,” मी म्हटलं. “थोरली कुठे आहे?”

“नाय ती हितं. दोघी मामाकडं गेल्यात, गडबला.”

“ठीक आहेत ना? एवढंच सांगा.”

माझा आवाज फाटला असावा. कारण आतून दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. तिला धडधाकट बघून मी ओसरीच्या पायरीवर मटकन बसले आणि रडले. मॅडम रडतात हे तिला नवीन होतं. पण तिने पाणी विचारलं नाही.

“तुम्ही फोन केलात?” तिने विचारलं.

“नाही.”

“करणार?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, मंगळवारीच दिलं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, “तू मला आधी का नाही सांगितलंस, ही तुझी बहीण आहे म्हणून?”

“फाईल कुणी वाचणार नाही म्हणाला होतात.” ती म्हणाली. “दुसऱ्यांच्या घरात मला कुणी घेईना मॅडम. कशाला लिहितेस, म्हणायचे. आपलं घर तर आपलंच. मला वाटलं, तुम्ही वाचाल, मशीनवाल्याला सांगाल, अंगठ्याचं काही होईल.”

एवढ्यासाठी तिने सगळं लिहिलं होतं. मी मात्र त्यातून अकरा कारणं काढली.

आई घासता घासता बोलली, माझ्याकडे न बघता. “माज्या अज्ञानावर ही शिकली, बाई. हे गनपती घासूनच तिला कालिजात धाडली. आता तुमी म्हनताय धाकटीला नेतील. कुठं नेतील? तिथं आई हाय का तिची?”

पोरीच्या छातीत मूर्तींची ती पांढरी भुकटी जाते हेही खरं होतं, आणि बाई म्हणत होती तेही खरं. मी एवढंच म्हटलं, “तुम्हाला सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही. दुसऱ्या कुणी केलं असेल तर तुमच्या बाजूने येऊन उभी राहीन. पण तिला शाळेत पाठवा. शाळेच्या वेळात घासायला बसवू नका.” मग आईने मला तशी शपथ घ्यायला लावली आणि मी घेतली.

पुढच्या सोमवारी थोरली कॉलेजात आली, धाकटी शाळेत गेली. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्याइतकं घाबरायला नको. गाडी कुठलीच आली नाही. पण मी त्या दिवशी बरोबर केलं की पोरीचं नुकसान केलं, हे मला अजून कळत नाही. दर वर्षी तो घटक आला की मी तो आठवडाभर पुढे ढकलते.

त्या शुक्रवारी निघताना मी धाकटीला भेटू का म्हणून विचारलं. दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मग थोरलीने वर माळ्याकडे हाक मारली. शिडीवरून एक लहानशी पोर उतरली. मंगळवारपासून परकी बाई दिसली की ती वर जाऊन बसत होती. केसांवर, पापण्यांवर पांढरं. मी काही विचारायच्या आतच ती माझ्यासमोर हाताची घडी घालून ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली,

“मी रोज शाळेत जाते. मी काम करत नाय. मी घरी खेलते.”

छोटी छोटी वाक्यं, सोप्याकडून अवघडाकडे, पुन्हा पुन्हा म्हणून पक्की केलेली. ही पद्धत मी ओळखली. मीच थोरलीला शिकवली होती. आणि इतक्या वर्षांची सवय, चांगलं उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारायचा.

“अरे वा! काय खेळतेस गं?”

तिने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने मान खाली घातली. आईच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. पोरीने बराच वेळ मनापासून आठवून पाहिलं आणि मग हळूच मला म्हणाली,

“ते ताईनं शिकवलं नाय.”