बारावं फूल

तिला सगळे धाकटी म्हणत. वयाची बासष्ट वर्षं उलटली, चष्म्याची भिंगं जाड झाली, पण घरात एकदा धाकटी जाऊ म्हणून आलेली बाई शेवटपर्यंत धाकटीच. तिचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक स्टूल आणि भिंतभर दोऱ्याची रिळं.

हे काम तिला थोरल्या जावेनं शिकवलं. वीस वर्षं दोघींची मशीनं एकमेकांना लागून होती. मग एकदा एका गिऱ्हाइकाचा जांभळा कोट आखूड करताना धाकटीनं दिव्याखालीच दोरा जुळवला. थोरलीनं कोट दारात नेला, उजेडात धरला आणि गिऱ्हाइकादेखत सगळे टाके उसवले. "रंग दारात बघायचा असतो गं! डोळे काय उशाशी ठेवून आलीस?" धाकटीनं मशीन उचललं आणि पुढच्या गल्लीत थाटलं. त्याला अकरा वर्षं झाली. बोलणं नाही, जाणं-येणं नाही.

आणि आज सकाळी पुतणीचा फोन. "काकू, आई जिन्यावरून पडली. पाय प्लास्टरमध्ये आहे. दिवसभर छताकडे बघत पडून असते, धड बोलत नाही. तू फुलं पाठव ना. जांभळी. तिला तेवढीच आवडतात. तुझी आली तर बोलेल बघ ती."

"जांभळीच?" धाकटी म्हणाली. जगात बाकीच्या रंगांचा काय दुष्काळ पडला होता!

पण गेली. फुलवाल्यानं पहिल्या बादलीतली फुलं पुढे केली. "घ्या मावशी, झकास जांभळी."

धाकटी एक फूल घेऊन दारात गेली. "ही निळी आहेत."

"मग ही बघा."

"काळपट. वांग्यासारखी."

तिसऱ्या बादलीतली शेवंती आत छान दिसत होती. दारात नेली तर धाकटीची बोटंच जांभळी झाली. रंगात बुडवलेली फुलं! तिनं बोटं फुलवाल्याच्या नाकापुढे नाचवली.

"अहो मावशी, फूल आहे ते, पडद्याचं कापड नाही. कोण बघतंय एवढं?"

"बघणारी आहे. तुला ठाऊक नाही ती."

शेवटी त्यानं कुरकुरत मागच्या खोलीतून अ‍ॅस्टरची बादली आणली. धाकटीनं त्यातलं एकेक फूल दारात नेलं, चष्मा वर करून बघितलं, चष्मा खाली करून बघितलं. बारा फुलं निवडेपर्यंत दुकानात मागे चार गिऱ्हाइकं ताटकळली आणि फुलवाल्याच्या नाकी नऊ आले. त्यानं फुलं घाईघाईनं जांभळ्या चकचकीत कागदात गुंडाळली.

"काढ तो कागद! फुलांचा रंग मारून टाकलास. पांढरा लाव."

त्यानं कागद ओरबाडून काढला, आणि त्यात एक दांडी मोडली. धाकटी तेव्हा मान खाली घालून चिठ्ठी लिहीत होती. 'लवकर बऱ्या व्हा' एवढं लिहून पेन अडलं होतं. खाली काय लिहावं? अकरा वर्षांनी आपण तिच्या कोण लागतो? शेवटी तिनं 'धाकटी' असंच लिहिलं. तेवढ्यात फुलवाल्यानं पहिल्या बादलीतलं एक फूल ओढून जुडग्यात खोचलं, पांढरा कागद लावला आणि तिची चिठ्ठी अडकवून जुडगं पोचवणाऱ्याच्या हातात दिलं. एक बला टळली, असं त्याला वाटलं असणार.

धाकटी दुकानात परतली, पण चित्त फोनपाशी. एका पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला. स्वतःवरच चिडून उसवत बसली. दुपार कलली तेव्हा फोन वाजला.

"अकरा जांभळी आहेत. बारावं निळं आहे."

'कशी आहेस' नाही, 'फुलं मिळाली' नाही. अकरा वर्षांनी आवाज ऐकला तो हा! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शक्यच नाही, वहिनी! एकेक फूल दारात नेऊन बघितलंय मी. तुम्हीच दिव्याखाली बघत असाल."

"मग कुठे बघू? पाय लाकडाचा ओंडका होऊन पडलाय. मला कोण नेतंय दारात?"

"म्हणजे दिव्याखाली बघून मला नावं ठेवता? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मग थोरली म्हणाली, "एवढी खात्री आहे तर येऊन दाखव. आणि लवकर ये. उजेड चाललाय." आणि फोन ठेवला.

धाकटी दातओठ खात उठली. मशीनवर झाकण घातलं. भिंतीवरची जांभळ्या दोऱ्याची होती नव्हती ती सगळी रिळं पिशवीत भरली. फुलाशी दोरा जुळवून आज सोक्षमोक्ष लावायचाच. बारावं खरंच निळं निघालं तर फुलवाल्यालाही जाब विचारायचा, पण त्याला उद्या. ऊन उतरत होतं, आणि ती झपझप चालू लागली.