वसंतोव्हनाबाईंचा ‘गेट’चा तास

टेकअवेचे प्लॅस्टिकचे डबे घरात कसे साठतात बघा. एकही टाकवत नाही, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. माझ्या इंग्रजीच्या तासाचे किस्से असेच साठलेत. परवा हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, “सुधाताई, रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो हो?” मी म्हटलं, “मजेत. रशियन लोकांना इंग्रजी शिकवते.” झालं, सगळ्या हसायला लागल्या. हसा, हसा! पण आता कपाट उघडलंच आहे, तर ऐका.

आमच्या तरुणपणी पुण्यात परकीय भाषा शिकायची साथ आली होती. माझ्या सगळ्या मैत्रिणी जर्मनला गेल्या. मी फॉर्म भरायला पोचेपर्यंत जर्मनच्या जागा संपल्या, म्हणून मी रशियनला. चांगली तीन वर्षं शिकले, आणि मग सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये जन्म काढला. पुढे ॲडलेडला आलो, मॉसन लेक्सला घर झालं, मुलगी युनिव्हर्सिटीला जाऊन नोकरीलाही लागली, तरी त्या रशियनचा उपयोग शून्य.

मग आमच्या लायब्ररीतल्या इंग्लिश कॉन्व्हर्सेशन ग्रुपमध्ये व्हॉलंटियर म्हणून गेले. तिथली कोऑर्डिनेटर शेली, भारी गोड बाई. कुजबुजत म्हणाली, “सुधा, त्या कोपऱ्यातल्या रशियन टेबलावर कुणी बोलतच नाही गं. मला वाटतं ते माझ्यावर रागावलेत.”

मी जाऊन रशियनमध्ये नमस्कार केला. टेबल एकदम जिवंत झालं! रागावलं कुणीच नव्हतं. मी विचारलं, “मग शेलीशी बोलत का नाही?” व्हिक्टर म्हणून एक धिप्पाड ट्रक मेकॅनिक आहे, तो म्हणाला, “ती विचारते, वीकेंडला काय केलं. मी त्या बाईला ओळखतसुद्धा नाही!”

*

त्याच दिवशी टेबलावरच्या नीना पेत्रोव्हना नावाच्या आजींनी माझं नाव विचारलं. “सुधा.”

“आणि वडिलांचं?”

“वसंत.”

“म्हणजे सुधा वसंतोव्हना!” तिने जाहीर केलं, आणि टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यात मान द्यायचा असला की नावापुढे वडिलांचं नाव लावतात, आपल्यासारखंच.

खरं सांगू? मला भरून आलं. लग्न झालं तेव्हा मधलं नाव बदललं, तेव्हापासून बाबा माझ्या नावातून गेले ते गेलेच. आणि इथे एक कझाकस्तानची बाई पाच मिनिटांत त्यांना परत घेऊन आली.

घरी येऊन श्रीकांतला सांगितलं. नवऱ्याने पेपर खाली केला. “बरं. मग मी कुठे गेलो?”

*

ही नीना पेत्रोव्हना म्हणजे आमच्या तासाचा जीव. वय सत्तरीला टेकलेलं, बुटकी, कायम कोट घालून. उन्हाळ्यातही! अल्माटीहून मुलीकडे आली होती. मुलगी लेना इथे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स, एकटी, आणि तिचा मुलगा मीशा पहिलीत. आईला आणलं ते मीशाला सांभाळायलाच. पण झालं भलतंच. मीशा शाळा सुटली की आफ्टर स्कूल केअरला जायचा आणि सहापर्यंत तिथेच बसायचा. शाळेपासून बसने दहा मिनिटांवर आजी घरी रिकामी.

का? तर आजीला इंग्रजी येत नाही. लेनाचं म्हणणं, “ममा, उद्या शाळेतून फोन आला, मीशाला काही झालं म्हणाले, आणि तुला कळलंच नाही तर? मी तर थिएटरमध्ये असते, माझा फोन बंद.” चूक काय होतं तिचं? तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पण नीना पेत्रोव्हनाला ते फार लागलं होतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “मला फोनवर बोलता आलं पाहिजे. तीन वाजता शाळेच्या दारात मी उभी असले पाहिजे. नाही जमलं, तर हिवाळ्याआधी मी परत जाते. फर्निचर म्हणून राहायला मी नाही आले.”

*

तर ‘गेट’. दाराचं गेट नव्हे, इंग्रजीतलं क्रियापद. ऑस्ट्रेलियन माणूस सकाळी उठल्यापासून गेट गेट करत असतो, म्हणून मी म्हटलं, आधी हेच घेऊ.

फळ्यावर लिहिलं. पत्र मिळालं, गेट. घरी पोचलो, गेट. दमलो, गेट. दूध आणलं, गेट. समजलं, तेही गेट! रशियनमध्ये मिळण्याला ‘पलुचात’, समजण्याला ‘पनिमात’, पोचण्याला ‘दबिरात्सा’, प्रत्येकाला वेगळं क्रियापद. आपल्या मराठीतही तसंच की.

व्हिक्टरने हाताची घडी घातली. “म्हणजे एवढा मोठा देश एकाच क्रियापदावर चालवतात?”

“हो.”

“आळशी आहेत.”

मला वाटलं, मेकॅनिक आहे, त्याच्या भाषेत सांगावं. म्हटलं, “व्हिक्टर, असं समजा, हा ॲडजस्टेबल पाना आहे. कुठल्याही नटाला बसतो.”

तो म्हणाला, “सुधा वसंतोव्हना, ॲडजस्टेबल पान्याने चांगला मेकॅनिक काम करत नाही. नट खराब होतो.”

मी आपला फळा पुसला. कप्पाळ!

*

शेवटी मी आपला देशी उपाय काढला. घोकंपट्टी! आपण पाढे म्हणायचो तसं मी एकेक ओळ सांगायची, मागून सगळ्यांनी एका सुरात म्हणायची. “आय गेट अप! आय गेट ड्रेस्ड! आय गेट द बस! आय गेट देअर!” मला वाटलं होतं, मोठी माणसं, लाजतील. छे! त्यांच्या शाळांतही हेच चालायचं. व्हिक्टर तर असा ओरडायचा की शेजारचं मुलांचं स्टोरीटाइम थांबायचं.

शेली धावत आली. दारात उभी राहून तिने पूर्ण पाढा ऐकला. मग हळूच म्हणाली, “लव्हली एनर्जी, सुधा! पण आपल्याकडे ना, नॅचरल कॉन्व्हर्सेशनवर भर असतो.”

“नो वरीज,” मी म्हटलं, आणि टेबलाकडे वळून सांगितलं, की आता नॅचरल कॉन्व्हर्सेशन करा.

सगळे गप्प. शेली बिचारी हसून हसून दमली. बऱ्याच वेळाने नीना पेत्रोव्हना तिच्याकडे बघून म्हणाली, “आय गेट टायर्ड.”

शेली म्हणाली, “ओके, पाढेच म्हणा.”

*

मध्ये मला फ्लू झाला. ताप, अंगदुखी, तास बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात नीना पेत्रोव्हना, कोट घालून, हातात रास्पबेरीचा जाम आणि मोहरीच्या पुडीचं पाकीट. पत्ता शेलीकडून काढला म्हणे, इंग्रजीत विचारून! मला आजारपणातही अभिमान वाटला.

जाम चहात घालून पाजला, तिथवर ठीक होतं. मग तिने मोहरीची पूड मोज्यांत भरली आणि मोजे माझ्या पायांत चढवले. श्रीकांत तेवढ्यात हळदीचं दूध घेऊन आला. दोघं माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे, एकाला मराठी आणि इंग्रजी, दुसरीला रशियन आणि माझा पाढा. पाय पेटलेले, घसा पोळलेला. मुलीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, “आई, धिस इज द बेस्ट थिंग आय हॅव एव्हर सीन.” मेली!

जाताना नीना पेत्रोव्हनाने बोट वर केलं, डोळे रोखले, आणि हुकूम सोडला, “गेट बेटर!”

मी झाले बरी. न होण्याची हिंमतच नव्हती.

*

समोरासमोर सगळे बोलायला लागले, पण फोन वाजला की गाडी अडायची. फोनवर ना चेहरा दिसत, ना हातवारे. तेव्हा मी ठरवलं, न सांगता फोन करायचे. कधी डेंटिस्टची रिसेप्शनिस्ट, कधी काउन्सिलचा माणूस, आवाज बदलून. मी कॉलेजात एकांकिका केलेल्या आहेत, त्याचं काहीतरी चीज व्हायला नको?

व्हिक्टर पहिल्या फोनपासून मला ओळखायचा, पण इमानदारीत पूर्ण संवाद करायचा. एकदा तासाला आला आणि म्हणाला, “काल तुमचा तो वीज कंपनीवाल्या पोराचा आवाज नाही जमला.”

मी म्हटलं, “काल मी फोनच केला नव्हता.”

व्हिक्टर विचारात पडला. “मी त्याला सांगितलं, ॲक्सेंट अगदी खोटा वाटतो, अजून प्रॅक्टिस करा.”

“मग तो काय म्हणाला?”

“सॉरी म्हणाला.”

*

नीना पेत्रोव्हनाला मात्र मी एकच फोन करायचे. दर गुरुवारी, साडेअकराच्या सुमाराला, शाळेचा. “हॅलो, स्कूल ऑफिसमधून बोलतेय. मीशाला बरं नाहीये.” हे लेनाला सांगायचं नाही, अशी तिची अट होती. नापास झाले तर मुलीला कळायला नको, म्हणाली.

पहिल्या गुरुवारी तिने घाबरून फोन कट केला. दुसऱ्या गुरुवारी नुसतं “येस, येस” आणि मग रडूच फुटलं. मलाही कसंतरी झालं, म्हटलं, आपण हा काय छळ मांडलाय म्हातारीचा! पण तीच हट्टी. “पुढच्या गुरुवारी परत करा.” आणि हळूहळू जमायला लागलं की हो! “येस. आय अॅम मीशा ग्रँडमदर. आय गेट द बस. आय गेट देअर.” शेवटी शेवटी तर आवाज ठणठणीत.

एकच गोष्ट मला खटकायची. एवढं बोलून झालं की खाडकन फोन ठेवून द्यायची. मला आणखी चार प्रश्न विचारायचे असायचे, ताप आहे म्हटलं तर काय, पडला म्हटलं तर काय. परत फोन लावला तर उचलायचीच नाही! तासाला मी चिडून म्हटलं, “नीना पेत्रोव्हना, प्रॅक्टिस पूर्ण तरी करा. फोन ठेवायची एवढी काय घाई असते?”

“काम असतं,” म्हणाली, आणि वही उघडून बसली.

इकडे लेनाने आईचा हट्ट बघून शाळेत तिचा नंबर दिला होता. तिसरा नंबर, आपला नावापुरता. आधी लेना, मग तिची एक मैत्रीण, मग आजी. तिसऱ्या नंबरापर्यंत कशाला वेळ येतेय?

*

आली. एका मंगळवारी मीशा शाळेत लोंबकळायच्या मंकी बारवरून पडला आणि मनगट धरून बसला. लेना थिएटरमध्ये, फोन बंद. मैत्रीण शिफ्टला, तीही उचलेना. शाळेने तिसरा नंबर लावला.

लेना थिएटरमधून बाहेर आली आणि निरोप मिळाला म्हणून इमर्जन्सीला धावली, तर तिथे मीशा हाताला प्लॅस्टर घालून बसलेला, आणि शेजारी कोट घातलेली आई, त्याला केळं भरवतेय. शाळेतून हॉस्पिटलपर्यंत सगळं तिनेच निभावलं होतं.

पुढच्या तासाला दोघी मायलेकी मिळून आल्या. लेना केक घेऊन आली होती. आता पहिला नंबर आईचाच, आणि मीशाला तीन वाजता तीच आणणार, म्हणाली. टेबलावर नुसता जल्लोष! व्हिक्टरने नीना पेत्रोव्हनाला कोटासकट उचललं. मी तर रडायलाच लागले, आणि रडता रडता विचारलं, “घाबरला नाहीत ना फोन आला तेव्हा?”

“कशाला घाबरू?” नीना पेत्रोव्हना म्हणाली. “मला वाटलं, तुम्हीच. आवाज वेगळा होता, म्हटलं, परत सर्दी झाली असेल. आणि गुरुवारचं आज मंगळवारीच कसं, एवढंच वाटलं.”

“मी आहे असं वाटलं होतं? अहो, मग शाळेत कशाला गेलात?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई आपल्याला शिकवते तरी कशी.

लेना मात्र केक कापायचा थांबवून माझ्याकडे वळली. “मलाही हेच कळत नाहीये. मी काल शाळेच्या ऑफिसमधल्या डेबचे आभार मानायला गेले होते. म्हटलं, माझ्या आईला फारसं इंग्रजी येत नाही, तुम्ही कसं समजावलंत तिला? डेब म्हणाली, ‘नीनाला? तिला आम्ही चांगलं ओळखतो! दर गुरुवारी येते की. धापा टाकत येते, मीशा ओके का विचारते, काचेतून त्याला बघते, आणि पुढच्या बसने घरी जाते. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे तशी पद्धत असेल.’ सुधा वसंतोव्हना, गुरुवारी काय असतं?”