सोळा सोमवार, चार जनावरं

"पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य मी आमच्या ह्यांच्या बायपासनंतर घरातून हद्दपार केलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजात अल मजाजला राहत होतो. माझा डब्यांचा आणि मसाल्यांचा धंदा, हे फुजैराला शिपिंगमध्ये. आठवडाभर तिकडे, गुरुवारी दुपारी घरी. कॉलेजात एनसीसीत मी रायफल चालवायचे, आणि शारजात आल्यावर रेंजवर जाऊन तो हात टिकवला होता. वीस वर्षं कागदाला भोकं पाडून झाली होती. ह्यांना डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, ह्यांच्यासाठी सोळा सोमवारचं व्रत. दुसरी, आफ्रिकेत जाऊन शिकार. एकच सफारी आणि चार जनावरं: पाणघोडा, मगर, बिबट्या आणि रानरेडा.

मुलगी म्हणाली, "आई, आर यू सीरियस? यू रन अ टिफिन सर्व्हिस!"

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, श्रावणात? आणि रेडा? ज्याच्या दारातून नवरा परत आणलास, त्याच्याच वाहनावर गोळी झाडणार?"

श्रावणाचं खरंच माझ्या लक्षात नव्हतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं शारजा गावाला जातं, डबे निम्म्यावर येतात, म्हणून मी त्या तारखा धरल्या होत्या. कळलं तेव्हा अॅडव्हान्स भरून झाला होता. सगळं मिळून नव्वद हजार दिरहम, म्हणजे तेव्हाचे अकरा लाख रुपये. डोंबिवलीत फ्लॅट आला असता. असू दे, फ्लॅट काय पळून जात नाही. श्रावणात मटण खायचं नसतं, शिकार करू नये असं कुठे लिहिलंय, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवला.

ज्यांना शिकार हा प्रकारच पटत नाही त्यांनी इथे थांबलं तरी मी रागावणार नाही. टांझानियात परवाना काढून ती करता येते आणि सरकारी माणूस सोबत असतो. जाणार असाल तर पीतज्वराचं इंजेक्शन आधी घ्या, मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका, आणि काळे-निळे कपडे अजिबात नेऊ नका. तिथली त्सेत्से माशी त्या रंगांवर तुटून पडते, आणि चावते ती जीन्समधूनसुद्धा. रायफल मी नेली नाही, कॅम्पचीच वापरली. विमानतळावरचे कागदांचे हेलपाटे वाचले.

मी आणि हे, दोघंच निघालो. दुबईहून दार-ए-सलाम साडेपाच तास. तिथून एक छोटं विमान, इतकं छोटं की चढण्याआधी बॅगांसकट आमचंही वजन केलं. ते दक्षिणेला एका मोठ्या नदीकाठी मातीच्या पट्टीवर उतरलं. आमचे शिकारी गाइड होते हरबन्सजी, तिथेच जन्मलेले सरदारजी, साठीचे, आवाज खणखणीत. बोलणं हिंदीत, त्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. मागकाढ्या सईदी आणि स्वयंपाकी जुमा मला 'मामा' म्हणायचे. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. हे खूश. "चल मामा, चहा घे," असं सोळा दिवस चाललं होतं.

पहिला पाणघोडा. पाण्यात नुसते कान, डोळे आणि नाकपुड्या दिसतात, आणि मारायचं ते डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेत. हरबन्सजी म्हणाले, "जल्दी मत करो जी, ये कहीं नहीं जा रहा." मी गोळी झाडली, तो बुडाला आणि मग काहीच नाही. पाणघोडा आधी तळाला जातो आणि तासाभराने फुगून वर येतो. तो तास मी काठावर कसा काढला ते मला विचारू नका. वर आला तेव्हा पलीकडच्या गावातली माणसं टोपल्या घेऊन हजर होती. त्याचं बरंचसं मांस गावात गेलं. थोडं वाळूवर मगरीसाठी ठेवलं आणि थोडं झाडावर बिबट्यासाठी बांधलं.

मगर तिसऱ्या दिवशी आली. पालथं पडून, कोपरं सोलवटून, वाळूतून सरपटत आम्ही जवळ गेलो. एका गोळीत खलास. बिबट्या मात्र आला नाही. गवताच्या आडोशामागे आम्ही संध्याकाळी जाऊन बसायचो, डास आम्हाला खायचे, आणि बिबट्या सकाळी येऊन मांस खाऊन जायचा. हरबन्सजी म्हणाले, दुसरा जवान बिबट्या येतोय, तो मारून टाकू या. मी म्हटलं, मोठा नर ठरलाय, तो आला तर आला. नाही तर नाही.

मग तो सोमवार उजाडला. माझा पंधरावा. सोळा सोमवारचं व्रत करणाऱ्यांना ठाऊक आहे, दिवसभर पोटात काही नाही, संध्याकाळी पूजा आणि कणीक-गूळ-तुपाच्या चुरम्याचा प्रसाद. तूप-गूळ मी शारजाहूनच नेला होता. जुमा आदल्या सोमवारी इतका सुंदर चुरमा करायला शिकला होता की निम्मा त्यानेच संपवला. हे म्हणाले, "आज कॅम्पवर थांब. उपाशीपोटी रेड्यामागे जातात का?" मी ऐकते थोडीच!

पहाटे पाणवठ्यावर ताजे माग सापडले. ह्यांना डॉक्टरांनी फार चालायला मना केलं होतं, म्हणून ते ड्रायव्हरबरोबर गाडीत थांबले. आम्ही चालत निघालो. ऊन चढलं, काटे, माशा, आणि माझ्या पोटात फक्त पाणी. चार तासांनी कळपामागे एक म्हातारा नर दिसला, मळलेला, कपाळावर शिंगांचा जाड टोप. सईदीने तिकाटणं उभं केलं, मी रायफल टेकवली. तर माझे हात थरथरत होते. डोळ्यांपुढे काजवे. थांबायला हवं होतं. मी चाप ओढला.

गोळी मागे लागली. रेडा वाकला आणि झुडपांत शिरला. सईदीने पानावरचं रक्त पाहिलं, त्यात चघळलेल्या गवताचा चोथा होता.

हरबन्सजी म्हणाले, "पेट में लगी है. अब ये अंदर खड़ा होकर हमारी राह देखेगा."

जखमी रेडा सोडून द्यायचा नाही, हा तिथला नियम. तो तडफडत मरतो, नाही तर वाटेवरच्या माणसाला मारतो. हरबन्सजींनी वॉकीटॉकीवर गाडी बोलावली. गाडी आली, हे उतरले.

"मॅडम, आप गाड़ी में बैठिये," हरबन्सजी म्हणाले. "मैं और सईदी जाते हैं."

"गोली मेरी है," मी म्हटलं. "मैं आऊंगी."

"तो पहले खाइये. ये हाथ देखिये अपने. भरी बंदूक लेके ऐसे हाथ मेरी पीठ के पीछे नहीं चलेंगे."

बरोबरच होतं त्यांचं. गाडीतल्या डब्यात चपात्या आणि उकडलेली अंडी. सोमवार, श्रावण, त्यात अंडं! आणि मोडलं तर पहिल्यापासून सगळे सोमवार पुन्हा. पण खरं सांगते, सोमवारांची मोजणी माझ्या डोक्यातच नव्हती. मला भीती वाटत होती ह्यांच्या जिवाची. हे माझ्यासमोर शर्टाच्या वरच्या बटणाशी हात धरून उभे होते, त्याखाली तो लांब व्रण. मी देवाला शब्द दिला होता, आणि देवाने ते माणूस परत दिलं होतं. आता मीच शब्द फिरवायचा?

"अहो, मला नाही जमणार," मी म्हटलं. रडकुंडीलाच आले होते.

"व्रत कुणासाठी करतेयस?"

"तुमच्यासाठी."

"मग मी सांगतो, खा. तिकडे ते जनावर तडफडतंय आणि ही दोन माणसं तुझ्यापायी आत शिरणार आहेत. माझ्या नावाचा हिशेब मी बघतो देवाशी."

मी अंडं खाल्लं. दोन खाल्ली. चपाती पाण्याबरोबर घशाखाली ढकलली. घास गिळताना मी मनात महादेवाला म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागव, ह्यांच्याकडे बघू नकोस.

अर्ध्या तासाने आम्ही आत शिरलो. सईदी पुढे, त्याच्या डाव्या खांद्याशी हरबन्सजी, उजवीकडे मी. पाऊल टाकायचं, थांबायचं, ऐकायचं. रेडा आपल्याच मागाकडे वळसा घालून आला होता. सईदी एकदम खाली बसला आणि ते काळं धूड नाक वर करून आमच्यावर आलं. दोन्ही रायफली एकदम वाजल्या. तो गुडघ्यांवर आला, उठला, मी परत झाडली. पडला तो आमच्यापासून आपल्या हॉलच्या लांबीइतक्या अंतरावर. हात अजिबात हलले नव्हते. नंतर मात्र मी तिथेच बसले आणि हमसून हमसून रडले. सईदी शेजारी बसला आणि म्हणाला, "पोले, मामा." हरबन्सजींनी सांगितलं, त्याचा अर्थ वाईट वाटून घेऊ नकोस. वाईट वाटत होतंच. चांगल्या गोळीने तो तिथल्या तिथे गेला असता, त्याला तो तास माझ्या हट्टापायी भोगावा लागला.

शिंगं आणली नाहीत. कॅम्पवाल्यांनी तीनतीनदा विचारलं, पाठवू का? मी म्हटलं, नको. मांस गावात गेलं, तेवढं पुरे. बिबट्या शेवटपर्यंत आलाच नाही.

शारजात परतल्यावर डबे सुरू झाले, मुलगी मैत्रिणींना "माय मॉम शॉट अ बफेलो" सांगत सुटली. लोक विचारतात, परत जाशील? जाईन. पण उपाशी नाही, आणि हात हलत असतील तर रायफल खाली ठेवेन. जाणाऱ्यांना मी हे एवढंच सांगते, बाकी बुटांचं आणि डॉलरचं तुम्हाला एजंट सांगेल.

व्रताचं मी कुणाकडे बोलले नाही. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून कणीक भिजवायला घेतली आणि फुजैराला फोन लावला, ह्यांच्या गोळ्यांची आठवण करायला. ऑफिसातल्या पोऱ्याने उचलला. म्हणाला, "मॅडम, साब को कुछ बोलिये ना. सुबह से चाय भी नहीं ली. बोलते हैं, आज पहला सोमवार है, बीवी के लिए रखा है."