न पाहिलेला बुध

जुन्नरच्या शाळेत मी मास्तर होतो आणि वर्तमानपत्र वाचतो म्हणून स्वतःला फार शहाणा समजत होतो. त्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. बुध सूर्यबिंबावरून जाणार, दुपारी चारच्या सुमारास बिंबात शिरणार आणि सूर्य मावळतानाही आतच असणार, अशी बातमी आली. मी ती वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं की दुर्बिणीवाचून काही दिसायचं नाही. ते वाक्य मी गाळलं. मला बुध बघायचा होता, आणि बघितला म्हणून गावभर सांगायचंही होतं.

वडील पंचांग बघणारे. मुहूर्ताला सारं गाव त्यांच्याकडे यायचं. पंचांगात याचं एक अक्षर नव्हतं, ते त्यांना झोंबलं.

"अमावास्या नाही आणि ग्रहण कसलं?" असं दोनदा म्हणाले. मग स्वतःच ठरवून टाकलं, "बिंबाला काही लागलं की ते ग्रस्त. पाळायचं."

हे ग्रहण नव्हे, एवढं मला कळत होतं. पण माझी बातमी वडिलांनी खरी मानली, यानंच मी इतका फुगलो की तोंड उघडलं नाही.

बायकोला सातवा महिना होता आणि दोन दिवस ताप. आजारी माणसाला आधीच्या वेधात सूट असते, म्हणून चारपर्यंत तिला पाणी मिळालं. चारला वडिलांनी तांब्या उचलून नेला. ग्रहण सुटेपर्यंत थेंब नाही, सुरी-कातरीला हात नाही, कूससुद्धा बदलायची नाही. सुटायच्या आत सूर्य मावळला, तर दुसऱ्या दिवशीचा सूर्य बघेपर्यंत सगळ्यांना कडकडीत उपास. "अहो, लवकर या," एवढंच ती मला म्हणाली.

मी शिवनेरीच्या उतारावर गेलो. बरोबर पेठेतला कंदिलाच्या काचा विकणारा मुसलमान दुकानदार होता. त्यानंच फुटक्या काचा काजळी धरून काळ्या करून आणल्या होत्या. दीड-दोन तास आम्ही आळीपाळीनं बघितलं. तांबूस थाळी, दुसरं काही नाही.

"गुर्जी, मला तर काय बी दिसत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तुमाला दिसतंय का?"

"डोळ्यांना सवय लागते," मी म्हणालो.

तो हसला नाही. काचा फडक्यात बांधून सरळ उतरू लागला. असा माणूस त्या दिवशी आमच्या घरात हवा होता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वडील ओटीवरच वाट बघत होते. आतून ती कण्हत होती. वडिलांच्या हातात तोच तांब्या होता, भरलेला. सूनबाईचे हाल त्यांनाही बघवत नव्हते, हे आता मला कळतं.

"सुटलं का रे? वर्तमानपत्राचं राहू दे, डोळ्यांना दिसलं तेच खरं. बिंब स्वच्छ मावळलं ना?"

बिंब स्वच्छच मावळलं होतं. तेवढं म्हणायचं होतं. पण दुपारभर टेकडीवर बसून काहीच दिसलं नाही, हे मी वडिलांना सांगू? मी म्हणालो, "नाही. बुध आत असतानाच मावळला. काळा ठिपका, मोहरीएवढा."

वडिलांनी तांब्या तुळशीत ओतला.

सकाळी सूर्य वर आल्यावर तिला पाणी दिलं. ओठ फुटले होते, ताप चढलेलाच होता. दुपारी मूल गेलं. मुलगी होती. वैद्य म्हणाले, तापानंच गेली, पाण्याचा काही संबंध नाही. वैद्यांनी दयेपोटी सांगितलं असेल. मला त्या दयेचा राग येतो. पंचांगात नसलेलं ग्रहणही पाळलं म्हणून गावानं वडिलांची वाहवा केली आणि शाळेत मुलं मला त्या ठिपक्याबद्दल विचारत राहिली. मी सांगत राहिलो, दर वेळी थोडं अधिक रंगवून.

आम्हाला पुढे मूल झालं नाही. वडील गेल्यावर कधीतरी, भाजी निवडता निवडता, वर न बघता तिनं विचारलं, "तो बुध तुम्हाला खरंच दिसला होता ना?"

"हो."

"मग झालं," ती म्हणाली. "नाहीतर मला वाटायचं, उगीच गेली."